एकाचे दुखणे, साऱ्या घराचे दुखणे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. जन्म शाळेत गेल्यामुळे व्याख्यानापेक्षा पाठ देणेच आम्हांस सोपे वाटते. आजचा पाठ हा की, घरात एकास जुलाब-वांत्या झाल्या म्हणजे आठवड्यात सारे घर अंथरुणास का खिळते?

काही वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या नातवाचे पोट बिघडले. दोन दिवसांनी सूनबाई, मग आमचे कुटुंब आणि शेवटी आम्ही. आम्ही नळाच्या पाण्यास दोष देऊन मोकळे झालो. परंतु दोष केवळ पाण्याचा असता, तर बहुधा सर्वजण एकदमच आजारी पडतो. येथे दुखणे एकाकडून दुसऱ्याकडे पायरीपायरीने आले होते.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यास ओळखला. असे जंतू रोग्याच्या मळातून बाहेर पडतात आणि हात, पाणी, अन्न व माशा यांच्यामार्फत दुसऱ्याच्या मुखात जातात. नोरोव्हायरस नावाच्या विषाणूचे तर थोडे कणही पुरतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस आजारी पडतो, आणि बरा झाल्यावरही कित्येक दिवस त्याच्या मळातून विषाणू जात राहतात. हातास चोळावयाचे मद्यार्कयुक्त द्रव त्यावर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे.

आमच्या घरी सोवळ्याचा कडक परिपाठ. पण साबण मोरीच्या कोनाड्यात कोरडाच. सूनबाई बाळाची दुपटी धुऊन, हातावर चार थेंब घेऊन लगबगीने कणीक मळावयास बसे. रांजणात जो तो पेला बुडवी, बोटांसकट. हा दोष तिचा नव्हे. घरात चार धडधाकट माणसे असता शुश्रूषा आणि स्वयंपाक ही दोन्ही ओझी आम्ही एकटीच्या शिरावर ठेवली, हा आमचा दोष.

पाणी आणावे कोठून, असे आपण विचाराल. पाण्याअभावी 2015 साली येथील औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले, हे परळीकरांस सांगावयास नको. म्हणूनच काटकसर अंगण धुण्यात करावी, हात धुण्यात नव्हे. रांजणास झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असावे. महाशिवरात्रीच्या यात्रेस घरी पाहुणे उतरतात, तेव्हा तर अवश्य. रोग्याने जुलाब-वांत्या थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकास हात लावू नये.

आणि रोग्यास पाणी तोडू नये. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडेथोडे पाजावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

हल्ली घरात कोणी आजारी पडले, तर शुश्रूषा करणारीस आम्ही चुलीपाशी येऊ देत नाही. भाकरी आम्ही थापतो. ती वाटोळी होत नाही. परंतु तेव्हापासून एकाचे दुखणे साऱ्या घराचे झालेले नाही. आपल्या घरोघरच्या पुरुषमंडळींनी एवढे मनावर घ्यावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.