गावासाठी रबरी बोट घेताना

खडकवासल्यातून पाणी सोडले की पुण्यात मुठा चढते आणि खाली मुळा-मुठा, भीमाकाठच्या गावांना झोप लागत नाही. २५ जुलै २०२४ रोजी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा माणसे बोटीतून बाहेर काढावी लागली. एनडीआरएफचे दल मावळात सुदुंबरे येथे आहे. पण रस्ता तुटला, तर पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात. त्यासाठी ग्रामपंचायत हवेची रबरी बोट घेणार असेल, तर ती पारखून घ्यावी.

पहिली गोष्ट, जहाजावरचा जीवरक्षक तराफा घेऊ नका. दोरी ओढली की नळकांड्यातल्या वायूने तो आपोआप फुगतो. वर छत असते, आत पिण्याचे पाणी असते. पण तो समुद्रात मदतीची वाट पाहत तरंगण्यासाठी केलेला असतो. नदीच्या ओढीत तो हवा तिकडे नेता येत नाही. आपल्याला वल्ही मारता येतील आणि मागच्या फळीवर इंजिन बसेल अशी बोटच हवी.

दुसरी गोष्ट, हवेचे कप्पे मोजा. ट्रॅक्टरच्या ट्यूबला कप्पा एकच; बाभळीचा काटा लागला की कारभार आटोपला! पुराच्या पाण्याखाली कुंपणाची तार, छपराचे पत्रे दडलेले असतात. म्हणून निदान तीन वेगळे कप्पे हवेत. एक फुटला तरी बाकीच्यांवर बोट तरंगली पाहिजे. तळ कडक हवा आणि कडेने धरायला दोर हवा. हायपालॉनची बोट ऊन जास्त सोसते, पण महाग पडते. पीव्हीसीची स्वस्त असते, पण ती सावलीतच ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट, बोटीवरची पाटी वाचा. किती माणसे, किती किलो, किती अश्वशक्तीचे इंजिन, हे तिच्यावर लिहिलेले असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना दाटीवाटीने भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली. सहा जण गेले. तेव्हा पाटीवर आठ असेल तर आठच, नववा पुढच्या फेरीला. वारा सुटला की बोट काठाला.

जेवढ्या जागा, तेवढी लाइफ जॅकेट बोटीबरोबरच घ्या. ५० न्यूटनचे जॅकेट चांगल्या पोहणाऱ्यासाठी असते. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचे द्या. मुलांची मापे वेगळी घ्या.

ताबा घेण्यापूर्वी बोट पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. गारव्याने ती जराशी सैल पडेल, पण बसता कामा नये. सांध्यांवर आणि झडपांवर साबणाचे पाणी लावा; बुडबुडे आले तर परत करा. पंप व ठिगळाचे सामान मागून घ्या.

वापरानंतर चिखल धुवा, सावलीत वाळवा आणि बोट उंच फळीवर ठेवा. खताच्या गोदामात ठेवू नका. तिथे उंदीर कुरतडतात. रॉकेल-डिझेल लागू देऊ नका. दरवर्षी मे महिन्यात ती फुगवून पाहा आणि गावातल्या चार-पाच पोहणाऱ्या तरुणांना वल्ही मारायला शिकवा.

आणखी एक. बोटीत जनावर घेऊ नका. पाणी सुटल्याचा निरोप येताच दावी सोडून जनावरे उंचावर न्या, १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा आणि पायी निघता येते तोवर निघा. बोट आहे म्हणून कोणी घरात थांबू नये. ती मागे अडकलेल्यांसाठी आहे.