काळ्या पाषाणाचा जुना हिशेब

आपल्या जालना जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर पसरला. कुठे कुठे दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. एक थर निवला, पावसापाण्यानं झिजून त्याची माती झाली आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे हे उद्रेक थांबत थांबत झाले.

लाव्ह्याबरोबर कार्बन डायऑक्साइड वायूही हवेत गेला. त्यानं पृथ्वी किती तापली, हे समुद्रतळाचा गाळ सांगतो. त्यात जुना थर खाली आणि नवा वर असतो. शास्त्रज्ञ नळी खुपसून हा गाळ उभाच्या उभा काढतात आणि एकेक थर तपासतात. ज्वालामुखीच्या वायूत पारा असतो, म्हणून ज्या थरात पारा वाढलेला, त्या काळी उद्रेक जोरात असावेत. गाळात बारीक जीवांची कवचंही सापडतात. कवचात ऑक्सिजनचे हलका आणि जड असे प्रकार असतात. पाणी गरम असेल तर जड प्रकार कमी भरतो. त्यावरून तेव्हाचं तापमान काढतात.

या तपासणीतून दिसलं, की डायनोसॉर नाहीसे होण्याच्या सुमारे ३ लाख वर्षं आधी पृथ्वी दोन-चार अंशांनी तापली होती. त्यात आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा हात असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

मग काही जण म्हणतात, "पृथ्वी आधीही तापली आणि निवली, आता कशाला घाबरायचं?" ती निवते कशी, ते बघा. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडावर पडतं. दगड झिजतो, कार्बन नदीवाटे समुद्रात जातो आणि तिथे त्याची चुनखडी होते. आपली कपाशीची काळी माती अशाच झिजेतून झाली. पण या कामाला हजारो, लाखो वर्षं लागतात.

तो जुना ताप हजारो वर्षांत चढला. आपण माणसांनी कोळसा-तेल जाळून दीडशे वर्षांतच एक अंशाहून जास्त तापमान वाढवलं. आजचे सगळे ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभर पटीच्या आसपास माणूस सोडतो.

२०१२-१३च्या दुष्काळात आपल्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. तो दुष्काळ तापमानवाढीनंच आला, असं मी म्हणत नाही. पण एक उन्हाळा पाण्याविना गेला की बाग जाते, हे आपण पाहिलं आहे. पृथ्वीला निवायला लाख वर्षं चालतील, बागेला नाही चालत.

बचत गटात कर्ज देताना आपण नुसती रक्कम बघत नाही, मुदतही बघतो. पृथ्वीच्या तापाचा हिशेबही तसाच करायचा. किती तापली, एवढंच विचारू नका. किती वर्षांत तापली, तेही विचारा.