वृद्ध घोड्यांचे आजार आणि त्यांची निगा



दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घोडा घेणारा प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दातांवरून वय कळते आणि वयावरून किंमत ठरते. परंतु घोडा एकदा दावणीला बांधला गेला की पुढे वर्षानुवर्षे त्याचे तोंड क्वचितच कोणी उघडून पाहते. पंधरा-वीस वर्षांचा घोडा खंगू लागला म्हणजे 'आता म्हातारा झाला' असे म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. वार्धक्याच्या नावाखाली झाकले जाणारे बरेचसे आजार ओळखता येतात आणि आटोक्यातही ठेवता येतात.

प्रथम दातांचा विचार करू. घोड्याच्या दाढा दरवर्षी दोन ते तीन मिलिमीटर झिजतात आणि तितक्याच वर सरकतात. ही झीज असमान झाली की वरच्या दाढांना गालाकडे व खालच्या दाढांना जिभेकडे धारदार कडा येतात. गाल व जीभ सोलली जाते. घोडा चारा चघळतो आणि त्याचे बोळे तोंडातून टाकून देतो. शेणात अख्खे दाणे दिसू लागतात. अशा वेळी चंदी वाढवून उपयोग होत नाही. पशुवैद्याकडून दाढांना कानस लावून घ्यावी. वर्षातून एकदा तरी तोंडाची तपासणी व्हावी. दाढा पडल्या असतील, तर चारा बारीक कापून व चंदी भिजवून द्यावी.

नीट न चावलेला चारा आणि अपुरे पाणी यांतून पोटशूळ उद्भवतो. घोड्याला ओकारी होत नाही, म्हणून हे दुखणे त्याच्या जिवावर बेतू शकते. घोडा कुशीकडे वळून पाहतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी चारा बंद करून त्वरित पशुवैद्यास बोलवावे. घशात तेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. ते फुप्फुसात गेल्यास घोडा दगावतो.

तिसरा आजार पियूषिका ग्रंथीचा. पंधरा वर्षांपुढील घोड्यांत तो विशेष आढळतो. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब, कुरळे केस झडत नाहीत. पाठीवरचे मांस उतरते. तहान व लघवी वाढते. याच आजारातून पुष्कळदा खुरांचा दाह होतो. मग खूर गरम लागतात आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागल्या पायांवर भार घेतो. हा आजार समूळ बरा होत नाही, परंतु पर्गोलाइड हे औषध रोज दिल्याने तो काबूत राहतो. अशा घोड्याला गूळ व धान्य कमी द्यावे आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्यावेत.

सांधे आखडलेल्या घोड्याला दिवसभर बांधून ठेवल्याने दुखणे वाढते. त्याला सावकाश फिरवावे आणि ओझे कमी करावे. धुळकट चाऱ्याने धाप लागत असेल, तर चारा पाण्यात भिजवून द्यावा व पागा हवेशीर ठेवावी. जंतांचे औषध आणि धनुर्वाताची लस वय झाले म्हणून थांबवू नये.

माथेरानसारख्या ठिकाणी आजही अनेक कुटुंबांचा चरितार्थ घोड्यांवर चालतो. घोडा उभा राहिला की त्या दिवसाची मिळकत बुडते, म्हणून दुखणे लपविले जाते. ही अडचण खरी आहे. तथापि वयामुळे वा आजारामुळे काम करण्यास अयोग्य झालेल्या जनावराकडून काम घेणे, तसेच त्याला विनाकारण बेवारस सोडून देणे, हे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये गुन्हे आहेत. केवळ दंडाच्या धाकाने हा प्रश्न सुटणार नाही. पंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एक दिवस दात व खुरांच्या तपासणीसाठी ठेवावा. शिक्षकांनी घोडेवाल्यांच्या मुलांना ही लक्षणे समजावून द्यावीत, कारण पुष्कळदा घोड्याला पाणी दाखविण्याचे काम त्यांच्याकडेच असते.

ज्या घोड्याने बारा-पंधरा वर्षे घर चालविले, त्याचे तोंड बाजाराबाहेरही वर्षातून एकदा उघडून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.