पायी चालणाऱ्याचा रस्ता



आपल्या जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आहे. विनोबांचा जन्म तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. पोचमपल्लीस १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांना पहिले भूदान मिळाले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. पुढे सुमारे तेरा वर्षे त्यांनी पायी देश पालथा घातला. आज त्याच वयाच्या गृहस्थाला आपल्या शहरात घरापासून मंडईपर्यंत निर्धास्तपणे चालत जाता येते काय?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती; म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक. हा दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येणार नाही. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे शाळेतले पदार्थविज्ञान आहे. तेव्हा शाळा, दवाखाने आणि बाजार यांच्या आसपास वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवणे, हा पहिला उपाय होय.

दुसरा उपाय पदपथाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. हे आकडे उगाच ठरवलेले नाहीत. गुडघे दुखणारी आजी उंच पदपथावर चढत नाही. ती मोटारींच्या वाटेनेच चालते. सायकलस्वारालाही अखंड वाट हवी. शंभर पावलांवर संपणारा सायकलमार्ग त्याला ऐन चौकात वाऱ्यावर सोडतो.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. ११ डिसेंबर २०२१ रोजी तेथे लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला. अशा वेळी गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदारांची भीती हसण्यावारी नेऊ नये. परंतु दुकानात गिऱ्हाईक शिरते ते पायांनीच, याचाही त्यांनी विचार करावा. फेरीवाल्यांना हुसकण्याऐवजी त्यांची जागा आखून द्यावी.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोग्या पदपथाचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. पण न्यायालय काही आपल्या गल्लीत येऊन फरशी बसवणार नाही. नगरपालिकेकडे मागणी करणे आपले काम आहे. आणि मागणीचा अर्ज देऊन परतताना आपली स्कूटर पदपथावर उभी न करणे, हेही आपलेच काम आहे. याची सुरुवात उद्या सकाळी करता येईल. तिला ठराव लागत नाही.