डिस्क सँडरचा कागद उडतो का?

आजचा विषय छोटा आहे, पण थेट बोटांशी संबंधित आहे. मेसेज एकाच प्रकारचे येतायत: "दादा, डिस्क सँडरवर पॉलिश पेपर चिकटवला, दोन मिनिटांत उडाला." आता हिशोब बघा. १२ इंची तबकडी, १४४० आरपीएमची मोटर. कडेचा वेग निघतो ताशी ८० किलोमीटरच्या वर. हायवेवरच्या गाडीचा वेग आहे हा, आणि तुमचं तोंड तिथून हातभर लांब!

बहुतेक वेळा दोष गमाचा नसतो, खालच्या तबकडीचा असतो. जुना गम, भुसा, तेलाचा हात, यातलं काहीही राहिलं की नवा कागद तिथे फुगतो. म्हणून आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग हेअर ड्रायरने जुना कागद गरम करा, कडेपासून सावकाश सोलत या. उरलेला चिकटा फडक्यावर थिनर घेऊन पुसायचा. खिडकी उघडी, जवळपास गॅस पेटलेला नको, आणि पूर्ण वाळेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही.

आता गम कुठला? पांढरा फेव्हिकॉल नको. तो पाण्याचा असतो, लाकूड पाणी पितं, धातू पीत नाही. मग वाळायला वेळ लागतो. डबल टेपच्या पट्ट्याही नकोत, मधल्या जागा पोकळ राहतात. माझं मत विचाराल तर सरळ मागे गम लावलेली तयार डिस्क घ्या. चपला-सोल चिकटवतात तो रबरी गमही चालतो, पण दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावरच जोडायचा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

तयार डिस्क लावताना सगळं आवरण एकदम काढू नका. टेबल खाली घ्या किंवा सोडवून ठेवा. आवरण अर्धं दुमडा, मध्य जुळवा, अर्धी बाजू बसवा, मग उरलेलं ओढत ओढत दाबत जा. शेवटी लाकडी ठोकळ्याने मधून कडेकडे दाबा.

घरी कापणाऱ्यांसाठी एक गोष्ट: साधा कागद ९ बाय ११ इंचांचा येतो. त्यातून ९ इंची गोल निघतो, १२ इंची नाही. मग काही जण दोन तुकडे जोडतात. प्लीज नको! तो जोड लाकडात अडकतो आणि कागद फाडून नेतो. मोठ्या तबकडीला रुंद रोल आणा.

वेल्क्रोवाली सोपी, पटकन बदलता येते. पण तिचा पाया जरा मऊ, त्यामुळे धार किंचित गोल होते. फोटोफ्रेमचे ४५ अंशांचे कोन जुळवायचे असतील तर मी गमवालीच लावतो.

लावून झालं की बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा. फडफड ऐकू आली तर बंद करा. काम नेहमी तबकडीची जी बाजू खाली जाते तिथेच करायचं; दुसरी बाजू लाकूड उचलून फेकते. आणि एका जागी दाबून धरू नका, गरमीने गम सैल पडतो.

कागद भुशाने बुजला तर लगेच बदलू नका हां. जुन्या चपलेचा क्रेपचा सोल फिरत्या डिस्कवर हलकेच टेकवा, बराचसा साफ होतो.