आधी ऐकून तर घ्या

मी मिरा-भाईंदरमध्ये बचत गटांचं काम बघते. उत्तनच्या गटातली एक ताई तीन बैठकांना आली नाही, हप्ताही थकला. मी घरी गेले आणि पायरीवरूनच सल्ले सुरू केले, असं करा, तसं करा. ती सुके बोंबील निवडत नुसती मान हलवत राहिली.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या पुस्तकात समुपदेशनाची निराळी रीत मांडली. समोरच्याला ते रुग्ण म्हणत नसत. त्याचं दुखणं त्यालाच जास्त कळतं. आपण मनापासून ऐकावं, आहे तसं त्याला स्वीकारावं, वरवरचं बोलू नये. स्वीकारणं म्हणजे चुकीला हो म्हणणं नव्हे हं! पण कुणी दोष देणार नाही ही खात्री पटली, की माणूस लपवणं सोडतो, स्वतःच्या आत बघतो. बदल तिथून सुरू होतो.

दुसऱ्या खेपेला मी गप्प बसले. जमत नव्हतं, खरं सांगते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नवरा होडीवर जात नाही. बैठकीत कसं सांगू?"

"लाज वाटते का, ताई?"

"लाज कसली? राग येतो मला."

पुढच्या बैठकीत तिने स्वतःच उभं राहून हप्ता निम्मा करून मागितला. मला हे सुचलंच नव्हतं.

मी काही समुपदेशक नाही. कुणाची झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर तज्ज्ञच हवा. १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. लिहून घ्या.