चातुर्मासांतील लग्नें

आपल्याकडे चातुर्मासांत लग्नें होत नाहींत. परंतु धामणगांव रेल्वेच्या जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या दगडांवर नेमक्या त्याच महिन्यांत असंख्य लग्नें लागत असतात, आणि त्यांची आपणांस वार्ताहि नसते. हीं लग्नें शेवाळाचीं.

शेवाळ हा शब्द आपण दोन निराळ्या वनस्पतींना लावतों. तळ्यावर तरंगणारी बुळबुळीत जाळी ही एक. भिंतीवर मखमलीसारखी पसरणारी, इवलीं पानें असलेली ती दुसरी. आज या दुसरीविषयीं बोलणार आहें. वैशाखांत हें शेवाळ वाळून काळवंडतें. मृगाची सर येतांच पुन्हा हिरवें होतें.

त्याला फूल नाहीं, बी नाहीं. नर रोपाच्या सूक्ष्म पिशव्यांत पुंबीजें तयार होतात. मादी रोपाच्या लांब मानेच्या कुपींत एकेक अंडें असतें. पाणी लागतांच पिशवी फुटते, कुपीची मान उघडते, आणि पुंबीज आपल्या दोन शेपट्या हालवीत पाण्यांतून पोहत निघतें. तें उंसाच्या साखरेकडे ओढलें जातें, हें जर्मन शास्त्रज्ञ फेफर यांनीं १८८४ सालीं दाखवून दिलें.

आपल्या शेतांतील कपाशी पाहा. तिलाहि पाणी हवें, पण तें मुळांशीं. परागकणांतून निघालेली नळीच पुंबीजाला अंड्यापर्यंत नेते. वाटेंत बाहेरचें पाणी लागत नाहीं. शेवाळाचे पूर्वज पाण्यांतून जमिनीवर आले खरे, परंतु पाण्यांतील ही रीत मात्र त्यांच्या वंशांत टिकून राहिली. नेच्यांचीहि गोष्ट तीच.

पोहणाऱ्या पुंबीजाची मजल थोडी. भिंती-फरसबंदीवर जगभर आढळणाऱ्या रुपेरी ब्रायम शेवाळांत नर व मादी रोपें वेगळीं असतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नर व मादी यांच्यांत अवघें २ सेंटिमीटर अंतर पडतांच फलन थांबलें. सूक्ष्म संधिपाद प्राणी सोडल्यावर मात्र ४ सेंटिमीटरांवरहि तें घडलें. येथेंहि मध्यस्थ आहेत तर!

लग्न लागलें कीं मादी रोपावर केसासारख्या देंठाचें इवलेंसें बोंड येतें. आतां मात्र उघडीप हवी. कारण हवा कोरडी झाली म्हणजेच बहुतेक जातींच्या बोंडांच्या तोंडचे दांत उघडतात, आणि आंतील बीजुकें वाऱ्यावर जातात. म्हणजे लग्नाला पाऊस आणि पाठवणीला ऊन.

पाण्याचा पातळ थर वेळेपूर्वीं आटला, तर मुहूर्त टळला. शेवाळ मरत नाहीं. तुकड्यांपासून पुन्हा वाढतें. पण तुकडा नराचा असेल तर नरच, मादीचा असेल तर मादीच वाढते. मग भिंतीवर वऱ्हाड दाटीनें जमतें. नवरदेवाचा मात्र पत्ता नसतो.

दिवाळीच्या रंगासाठीं भिंत खरवडण्यापूर्वीं एक बहिर्गोल भिंग घेऊन तिच्याजवळ जा. हिरव्या मखमलीवर बोंडें दिसलीं, तर तेथें लग्न लागलें असें समजा. आणि तेवढी वीतभर जागा यंदा तशीच राहूं द्या.